मेल्यानं बोलायचं न्हाय

सराफांच्या गुजरीत कुणीतरी शटर खाली ओढलं आणि मी खाली बसलो. बसलो म्हणजे एका लावलेल्या स्कूटरच्या आड गुडघा टेकला, पैंजणांची पिशवी छातीशी धरली आणि डोकं सीटच्या वर दिसणार नाही इतकी मान वाकवली. हे सगळं होऊन गेल्यावर मला कळलं. भर दुपार, लग्नसराईची गर्दी, आणि हुपरीतल्या बऱ्या घरचा, स्वतःच लग्नाला आलेला मुलगा स्कूटरच्या आडून रस्त्याच्या दोन्ही टोकांचा अंदाज घेतोय. समोरच्या पेढीवरचा नोकर ओरडला, "काय पावणं, काय पडलं काय?" मी म्हटलं, "घुंगरू पडलं," आणि खरोखरच फरशीवर हात फिरवून न पडलेलं घुंगरू शोधायला लागलो. तोंड खोटं बोललं की हात ते खरं करायला धावतात, ही माझी खोड आहे. नोकर हसला, मीही हसलो, आणि हसता हसता वर पाहिलं तर बरोबर आलेला माझा कॉलेजातला दोस्त धम्मपाल पेढ्यांपुढं तसाच उभा होता. शटर त्याच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ आदळलं होतं. त्याची पापणीही हलली नव्हती. मी, ज्यानं उभ्या जन्मात ढेकूण मारला नाही, तो जमिनीवर. आणि जो खरी बंदूक घेऊन बर्फात राहून आला, तो उभा. त्याला ऐकू आलं नव्हतं असं नाही. ऐकू आलं होतं, पण आता असले आवाज आपल्यासाठी नसतात, असा काहीतरी त्याचा चेहरा होता. तो चेहरा मी पूर्वी कुठेतरी पाहिला होता. कुठे ते मला आठवेना.

धम्मपाल दिवाळीनंतर आला तेव्हापासून बोलला नव्हता. पलटणीच्या इस्पितळात तपासलं, पुण्यात तपासलं. गळा ठीक, जीभ ठीक, कान ठीक. मग लांबलचक सुट्टी देऊन कळंब्याला आईकडे पाठवला. त्याच्या आईला, पारूबाईला, मी मावशी म्हणतो. कॉलेजात असल्यापासून तिच्या हातचं मी खाल्लं आहे, आणि माझ्यासाठी ती कांदा-लसूण न घालता वेगळी आमटी करायची. दोन-तीन आठवड्यांपूर्वी तिनं मला दारातच गाठलं. "गळा चांगला हाय म्हंत्यात," ती म्हणाली. "जेवतोय, झोपतोय, सांगितलं तर पाणी बी भरतोय. पर आल्यापासनं एकदा बी आई म्हणाला न्हाय. पुढच्या म्हयन्यात परत तपासणी हाय. तवर बोलला तर ठीक, न्हायतर घरी बशिवणार म्हणं. बशिवू देत, बाळा. मला त्येचं काय न्हाय. पर त्यो असाच बसून ऱ्हायला तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" आत धम्मपाल बाजेवर बसलेला दिसत होता. पाठ सरळ, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. "तुमी त्या मशीनीवर लढाई खेळायचा न्हवं," पारूबाई म्हणाली, "तवा त्यो लई बोलायचा. झोपंत सुदा बोलायचा. त्येला तिकडं घिऊन जा एकदा." मला ते पटलं नाही. लढाईतून जो असा होऊन आला, त्याला पुन्हा लढाईच्याच खेळावर नेऊन बसवायचं म्हणजे आगीतून काढून फुफाट्यात घालायचं. मी हो म्हटलं आणि नेलं नाही. त्याऐवजी माल पोचवायला हुपरीहून आलो की त्याला कळंब्यातून घ्यायचो, गुजरीत आणायचो, भेळ घ्यायचो, रंकाळ्यावर बसवायचो आणि एकटाच बोलत राहायचो. माणूस किती बडबडू शकतो हे समोरचा गप्प असला की कळतं. घरी जाताना माझा घसा दुखायचा. आज मात्र स्कूटरच्या आड बसून उठल्यावर माझं बोलणं आटलं. पिशवी पेढीवर दिली, पावती खिशात कोंबली आणि त्याला म्हटलं, "चल, आण्णाकडं जाऊ." तो माझ्याबरोबर चालायला लागला. सांगितलं की करायचा तो सगळं.

बिंदू चौकातून जाताना जुन्या तुरुंगाची भिंत लागते. त्या भिंतीजवळून मी सरळ कधी चालत नाही, उगाच तिरका होतो, कोपऱ्यावर पाऊल हळू पडतं. हे वेड आण्णाच्या कॅफेतलं. राजारामपुरीत पिठाच्या गिरणीवर आण्णानं माडी चढवली होती आणि तिथं प्लायवूडचे खण पाडून कॉम्प्युटर बसवले होते. खाली गिरणी, वर लढाई. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की जिना, खुर्च्या, पडदे, सगळं एका लयीत थरथरायचं, आणि कीबोर्डच्या फटीत पीठ जाऊन बसायचं. आण्णा गिरणीच्याच ब्रशानं ते झाडायचा. खिडक्यांना काळा कागद लावला होता, त्यामुळे भर दुपारी आत दिवेलागण. तिथं आम्ही पाच-सहा जण कॉलेज बुडवून बसायचो. तो खेळ बाकीच्या खेळांसारखा नव्हता. बाकीच्यांत माणूस पाच-दहा गोळ्या खाऊन वर उड्या मारतो. यात एक गोळी म्हणजे एक माणूस. पळालं की दम लागायचा, दम लागला की नेम हलायचा. आपला कोण आणि परका कोण हे कुठं लिहून येत नसे. कपडे सारखेच मळके. ओळखायचं ते चालीवरून आणि आवाजावरून. म्हणून बोलायला लागायचं, सारखं. त्या वाळवंटातल्या गावाला आमची नावं होती: पडक्या मनोऱ्याला भवानी मंडप, पाण्याच्या टाकीला रंकाळा, आणि पलीकडे काही दिसू न देणाऱ्या लांबच लांब भिंतीला बिंदू चौक. आता इतकी वर्षं झाली, ते गाव माझ्या डोक्यातून गेलं, पण त्याची पोकळी या गावात येऊन राहिली आहे. कोपरा आला की वाटतं, पलीकडे कोणीतरी श्वास धरून पडलं आहे. मी बाजारात जाणारा, चांदी विकणारा माणूस आहे. मला असं वाटायचं काही कारण नाही.

माझा नेम चांगला होता. त्याचं श्रेय घरच्या धंद्याला. पैंजणाच्या कड्या जोडताना फुंकणी तोंडात धरून दिव्याची ज्योत वळवायची, ती केसाएवढ्या जागेवर थांबवायची, आणि जोड वितळेपर्यंत श्वास ढळू द्यायचा नाही, हे मी शाळेत जाण्याआधीपासून बघत आलो. माझ्या अनेकांतचा धम्मपालनं अन्या केला होता; म्हणायचा, "अन्याच्या छातीत भाता हाय." माझी आई अक्काताई पाणी दुहेरी फडक्यातून गाळते, गाळलेलं फडकं पुन्हा त्याच विहिरीच्या पाण्यात धुते, म्हणजे त्यातले जीव आपल्या घरी जातील. दिवस मावळला की आमच्या घरात ताट पडत नाही. आणि पारूबाईच्या घरी रविवारी बुद्धवंदना व्हायची, तिच्या तोंडून पहिलं शील मी इतक्यांदा ऐकलं की मलाही पाठ झालं: जीव घेणार नाही. दोघांच्या घरचा पहिला नियम एकच होता आणि आम्ही दोघं रोज दुपारी तो मोडायला जोडीनं जायचो. भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी मी आत्या-काकांपासून शेजारच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांची क्षमा मागायचो, आणि शेवटी डोळे मिटून पडद्यावरच्या त्या बिनचेहऱ्याच्या माणसांचीही मागून टाकायचो. धम्मपालला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "त्यास्नी काय कळतंय, लगा? ती उठत्यात की परत."

उठतात की परत. डाव संपला की सगळे मेलेले उठून उभे राहायचे, पण डाव संपेपर्यंत नाही. आणि इथंच धम्मपालचा तो नियम आला. खेळात मेल्यावर पडदा राखाडी व्हायचा आणि मग मेलेल्याला जिवंत राहिलेल्यांच्या डोळ्यांतून बघता यायचं. शत्रू कुठं दडलाय हे मेलेल्याला जिवंतापेक्षा जास्त दिसायचं. सगळे एकाच खोलीत, खांद्याला खांदा लावून. मेलेल्यानं नुसतं "डावीकडं" म्हटलं तरी डाव फिरायचा. धम्मपालला ही लबाडी वाटायची. तो म्हणाला, "मेल्यानं बोलायचं न्हाय. हात मशीनीवरनं काढायचं, मांडीवर ठेवायचं आन् गप बसायचं." त्याचा शब्द चालायचा, कारण तोच आमचा म्होरक्या. मी राजारामपुरीच्या चढाला लागलो तोवर हे सगळं मनात नेहमीसारखं येत होतं, जात होतं, आणि मग एकदम माझे पाय थांबले. पाठ सरळ, हात मांडीवर, तळवे वर. बाजेवर बसलेला धम्मपाल. शटर आदळलं तेव्हाचा तो चेहरा. मेलेल्यांचा चेहरा होता तो, आमच्या खोलीतल्या मेलेल्यांचा. सगळं दिसतंय, सगळं ऐकू येतंय, आणि आपण खेळात नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्यापासून दोन पावलांवर थांबला होता, मी थांबलो म्हणून. मला त्याची भीती वाटली. खरं सांगतो, तिथून रिक्षा करून त्याला कळंब्याला सोडावं आणि स्टँडवर जाऊन पहिली हुपरी गाडी पकडावी असं मनात आलं. पण पारूबाई दारात बसलेली असणार होती. ती मला काही विचारणार नव्हती. नुसती त्याच्या तोंडाकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघणार होती.

पहिल्या सुट्टीला आला होता तेव्हा हाच माणूस आम्हाला बोलू देत नव्हता. रुंद झाला होता, गाल भाजलेले, हिंदीत शिव्या. चहा पिताना मी विचारलं होतं, खरं आणि खेळातलं सारखं असतं का? तो म्हणाला, "कायबी सारखं न्हाय. थंडी गेममधी न्हाय, भूक न्हाय, वास न्हाय. पर एक सांगतो, आपली हजेरी मी तिकडं चालू केली." आपली हजेरी म्हणजे वीज गेल्यावरची. भारनियमनाचा काही नेम नसायचा. ऐन रंगात आलेला डाव आणि फट्‌दिशी अंधार, खाली गिरणीचा पट्टा मंदावत मंदावत थांबायचा. वीज आली की खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा, पण धम्मपालला ते मंजूर नसे. वीज गेली त्या क्षणी जे जिवंत होते त्यांनीच पुढचा डाव खेळायचा, मेलेल्यांनी बाहेर बसायचं. म्हणून अंधारातच तो नावं घ्यायचा. एक नाव, एकदाच. जिवंत असेल त्यानं म्हणायचं "हाय". मेला असेल त्यानं गप्प राहायचं. कोणी कोणाच्या वतीनं बोलायचं नाही, नाव दुसऱ्यांदा घ्यायचं नाही. शेवटी स्वतःचं नाव घ्यायचा आणि स्वतःच म्हणायचा, "हाय". अंधारात कोण बघतंय, सहज खोटं बोलता आलं असतं, आणि बाकीचे बोलायचेही. मी कधी बोललो नाही. मी मेलेलो असलो की ओठ घट्ट मिटून बसायचो, आणि धम्मपाल म्हणायचा, "अन्या गप हाय म्हंजे अन्या मेला. ह्येला म्हंत्यात इमान." तर ही हजेरी त्यानं तिकडच्या पोरांना शिकवली होती. धुकं पडलं, वायरलेस बिघडलं की नावानं हाक, आणि हाकेला हाय. आडनाव नाही, नंबर नाही. "आमचा साहेब बी खूश हाय," तो म्हणाला होता. तेव्हा माझी छाती अशी फुगली होती की जणू मीच सीमेवर जाऊन आलो. आण्णाच्या गिरणीवरच्या खोलीतलं आमचं काहीतरी हिमालयात चाललंय, हे मी हुपरीत चार जणांना तरी सांगितलं असेल.

आण्णा खालीच बसला होता, गहू चाळत. म्हातारा झाला होता. घरोघरी कॉम्प्युटर आले तसं त्याचं वरचं दुकान बसत चाललं होतं. धम्मपालला बघून तो उठला, त्याच्या दोन्ही खांद्यांवर पिठाचे हात ठेवले आणि म्हणाला, "आलास व्हय रं, पैलवान." धम्मपालच्या काळ्या शर्टावर दोन पांढरे पंजे उमटले. उत्तर आलं नाही, तशी आण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "जावा वर," तो म्हणाला. "तुमची दोन मशीनी हाईत अजून. कुणी काडली न्हाईत. कॉलेजची पोरं हाईत, त्येंच्यातच बसा." वर तीच थरथर, तोच कागदातून आलेला काळपट उजेड. तीन-चार पोरं कानाला हेडफोन लावून खेळत होती, त्यांना एका बाजूला माणसं कमीच होती; त्यांनी आम्हाला अंकल म्हटलं आणि घेतलं. मी माझ्या जुन्या खणात बसलो, धम्मपाल शेजारच्या. मधल्या प्लायवूडला त्यानं कधीतरी नखानं कोरलेली भोकं होती, त्यातून बोलायचा तो. मी मशीन सुरू केलं. त्याचंही केलं. त्याच्या पडद्यावर त्याचं जुनं नाव आपोआप आलं, कोणी पुसलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही.

डाव सुरू झाला आणि माझी बोटं माझ्या आधी तिथं पोचली. इतकी वर्षं झाली, चांदीच्या कामानं बोटांची टोकं जाड झालीत, तरी त्यांना सगळं पाठ. आमचा मनोरा, आमची टाकी, तीच लांब भिंत. बाकीची पोरं पळाली. धम्मपालचा शिपाई सुरुवातीला जिथं उभा होता तिथंच उभा होता, उघड्यावर, बंदूक खाली, उन्हात. मी पुढं गेलो, परत आलो. "धम्म्या, आत ये," मी म्हटलं. "टाकीकडनं मारत्यात तुला." गिरणीचा आवाज, पोरांची बोटं, आणि माझा आवाज, मला स्वतःलाच परका वाटणारा. भोकातून पाहिलं तर त्याचे हात मांडीवर, तळवे वर. पडद्याचा उजेड त्या तळव्यांवर हलत होता. त्याला कुणीही मारलं असतं. एका गोळीचं काम. आणि मला एकाएकी असं वाटलं की या पोरांपैकी कोणाची तरी गोळी त्याला लागली तर तो खुर्चीवरून पुन्हा उठणारच नाही. वेडेपणा आहे हा, मला कळत होतं. तरीही मी माझा शिपाई नेऊन त्याच्या पुढ्यात उभा केला, टाकीकडे तोंड करून. खेळात असं कोणी करत नाही. नेम धरला, श्वास धरला, फुंकणीवर धरतात तसा, आणि टाकीच्या कडेला काहीतरी हललं तेव्हा गोळी सुटली, ती माझी नव्हती. पडदा राखाडी झाला. मी हात काढून मांडीवर ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपणच गेले.

मग मला दिसायला लागलं. मेलेल्याला जिवंताच्या डोळ्यांतून दिसतं, आणि आमच्या बाजूनं जिवंत उरला होता फक्त धम्मपाल. त्याच्या डोळ्यांतून मी रस्ता पाहिला, उन्हातली वाळू पाहिली, आणि खाली पालथा पडलेला एक माणूस. तो मी होतो. एक हात अंगाखाली, एक पुढं. इतक्या वर्षांत इतक्यांदा मेलो, पण स्वतःकडे कोणाच्या नजरेतून असं कधी पाहिलं नव्हतं. नजर हलत नव्हती. टाकीकडे नाही, भिंतीकडे नाही, फक्त माझ्या त्या पुढं पडलेल्या हाताकडे. मग चित्र सरकलं. अगदी थोडं. जवळ आलं. खाली बसलं. मी भोकातून पाहिलं: धम्मपालचा उजवा हात मांडीवरून उठून माउसवर आला होता. तो मला बघत होता. पडलेल्याला बघत बसला होता, श्वास चालतो का ते बघावं तसा. त्या खेळात पडलेल्याचा श्वास चालत नाही. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडू शकलो नाही. मी मेलेला होतो.

वीज गेली. पोरांनी शिव्या घातल्या, खुर्च्या सरकवल्या, कोणीतरी म्हणालं चहा मारून येऊ, आणि ती धडधडत जिना उतरून गेली. खाली पट्टा मंदावला, फटफट करत थांबला. थरथर गेली की ती खोली एकदम पोकळ व्हायची, आताही झाली. कागदाच्या एका फाटक्या कोपऱ्यातून सुईसारखी उन्हाची रेघ आत येत होती, तेवढीच. मी हात मांडीवर ठेवून बसून होतो. उठून त्याला बाहेर न्यावं, एवढं साधं काम, पण अंगच हलेना.

"कुंडलिक."

मला आधी वाटलं खालून कोणी हाक मारली. आवाज गंजलेला होता, आणि शेजारच्या खणातून आला होता. मग तो थांबला. किती थांबावं हे मला माहीत होतं, त्या थांबण्याची लांबी माझ्या अंगात मुरलेली होती.

"हंबीरराव."

थांबला. ही नावं मी ओळखत नव्हतो. आमच्यात कोणी कुंडलिक नव्हता, हंबीरराव नव्हता.

"सत्याप्पा."

या वेळी तो जास्त थांबला. खाली कोणी बाई आण्णाला विचारत होती, माझं जोंधळ्याचं डबडं झालं काय. आण्णा म्हणाला, लाइट आल्यावर बघू. धम्मपालनं श्वास घेतला, तो मला प्लायवूडच्या भोकातून ऐकू आला.

"अनेकांत."

मी मेलेला होतो. वीज गेली तेव्हा मी वाळूत पालथा पडलेला होतो आणि तो माझ्याकडे बघत होता. नियम त्याचा होता, आणि तो इमानानं पाळण्यात माझं सगळं नाव होतं. ओठ आपोआप मिटले. त्या मिटलेल्या ओठांच्या आत मला उमगलं की मी आत्ता गप्प राहिलो तर तो मला त्या तिघांच्यात टाकून पुढं जाईल. आणि पुढचं नाव त्याचं स्वतःचं होतं.

"हाय," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, "तू मेलतास की."

"व्हय," मी म्हटलं. "मेलतो. तरी हाय."

खुर्ची करकरली. त्यानं तोंड भोकाजवळ आणलं असावं, कारण पुढचं सगळं माझ्या कानात आल्यासारखं आलं, हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. "धुकं व्हतं," तो म्हणाला. "गोळी कुठनं आली कळंना. मागं सरा म्हटल्यालं. मी नावं घितली. ज्येनी हाय म्हटलं त्येस्नी घिऊन मागं आलो. हे तिघं बोललं न्हाईत. म्हटलं, गेलं." थांबला. "दोघं गेलतंच. सत्याप्पाला गळ्यात लागलं व्हतं. त्येला बोलाय येत नव्हतं, अन्या. सकाळी जाऊन बघितलं तर बर्फात रेघ व्हती. त्यो आमच्या मागनं सरपटत आलता. लई लांबपातूर आलता." आणि मग, "मी त्येला एकदाच हाक मारली. आपल्यात एकदाच मारत्यात न्हवं."

तुझी चूक नाही, असं म्हणायचं होतं का? ते त्याला साहेबांनी सांगितलं असणार, डॉक्टरांनी सांगितलं असणार. माझ्या डोळ्यांसमोर पिठानं माखलेली ही खोली होती, हसणारा, गाल भरलेला तो धम्मपाल होता, मेल्यानं बोलायचं न्हाय म्हणणारा, आणि त्याच्यापुढं ओठ मिटून अभिमानानं गप्प बसलेला मी होतो. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. सत्याप्पा. गडहिंग्लजकडचा असावा, किंवा पलीकडचा. त्याच्या घरीही कोणी दारात बसलं असेल. आता हजेरीत एकच नाव उरलं होतं आणि घेणारा ते घेत नव्हता. भोकातून श्वास येत होता, पण शब्द येत नव्हता. तो पुन्हा जिथून आला होता तिकडं निघाला आहे हे मला अंधारात स्पष्ट कळलं. मी उठलो आणि वाकून हात प्लायवूडच्या वरून त्याच्या खणात घातला. हाताला त्याचे हात लागले. मांडीवर, तळवे वर, गार.

"धम्मपाल," मी म्हटलं.

तो गप्प राहिला. नाव एकदाच घ्यायचं. गप्प राहिला तो मेला. मी त्याचं मनगट धरलं.

"धम्मपाल."

दुसऱ्यांदा नाव घेतल्याबरोबर त्याचा हात माझ्या मुठीत एकदा उडाला. मी तिसऱ्यांदा घेतलं, चौथ्यांदा घेतलं. मग मोजायचं सोडलं. तेवढ्यात वीज आली, पडदे एकेक करून निळे झाले, खाली पट्ट्यानं वेग धरला, खोली थरथरायला लागली आणि माझा आवाज त्यात बुडायला लागला, तसा मी आणखी मोठ्यानं ओरडायला लागलो. जिन्यात पोरांची पावलं वाजली आणि थांबली. दारात आण्णा येऊन उभा राहिला, हातात चाळण. हुपरीतल्या बऱ्या घरचा मुलगा प्लायवूडवर पोटापर्यंत ओणवा होऊन एकच नाव कोकलत होता, आणि त्याची त्याला मुळीच लाज वाटत नव्हती. निळ्या उजेडात धम्मपालनं मान वर केली. त्याचे डोळे भरलेले होते आणि कपाळाला आठी पडलेली होती, जुनी, आम्ही नियम मोडला की पडायची ती.

"हाय की," तो म्हणाला. "वरडतोस कशाला?"

मी त्याचं मनगट सोडलं नाही. त्यानंही सोडवून घेतलं नाही. तो पडद्याकडे वळला, तिथं पांढरी रेघ लुकलुकत होती, आणि छाती भरून श्वास घेऊन, गिरणीच्या वर चढेल अशा आवाजात, त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली, "सत्याप्पा." मग आम्ही दोघं थांबलो.